चौघांची यादी

सुदुंबऱ्याच्या मतदाराच्या बोटाला पाच वर्षांच्या फेऱ्यात बऱ्याचदा शाई लागते. ग्रामपंचायतीचे सदस्य आणि थेट सरपंच, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट, मावळ विधानसभा आणि मावळ लोकसभा. यातला शेवटचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत जन्मला आणि घाट उतरून पनवेल, कर्जत, उरणपर्यंत पोहोचला. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे राज्यभरच्या तेली समाजाला ठाऊक असलेले, आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या तुकडीचा तळ असलेले हे गाव अशा प्रकारे कोकणातल्या बंदरपट्टीशी एका मतपत्रिकेवर आले. मतदानाच्या दिवशी या मतदारासाठी सगळी व्यवस्था असते. यादीत नाव, ओळखपत्र, आडोसा, यंत्र, केंद्राध्यक्ष, बाहेर पोलीस. मतदानात गैरप्रकार झाला तर फेरमतदान होऊ शकते. पण बटणासमोर जी नावे छापलेली असतात ती तिथे कुणी आणली, हा प्रश्न विचारला की कायदा एकदम तोकडा पडतो. अर्ज, सूचक, अनामत रक्कम, छाननी, माघार, चिन्हवाटप एवढेच त्याला दिसते. नावांची खरी वेचणी त्याआधीच झालेली असते, आणि तिला ना यादी, ना आडोसा, ना शाई.

ही आधीची वेचणी हीसुद्धा निवडणूकच आहे, किंबहुना पुष्कळ वेळा तीच खरी निवडणूक आहे, हे माझे म्हणणे आहे. त्याला आधार म्हणून अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. सुदुंबऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, येरवड्याच्या तुरुंगात, १९३२ च्या सप्टेंबरात या वेचणीला कायद्याने मतपेटी देण्याचा करार झाला होता. भारताच्या निवडणूक-इतिहासात प्राथमिक निवडणूक आणि सार्वत्रिक निवडणूक अशा दोन पायऱ्या कायद्यानेच घालून दिल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे. या पुणे कराराबद्दल आपल्याकडे अपार लिहिले गेले, पण बहुतेक लिखाण उपोषणाबद्दल आणि गांधी व आंबेडकर या दोन मोठ्या माणसांच्या संघर्षाबद्दल आहे. करारात मतदानाची जी यंत्रणा होती तिच्याकडे फारसे कुणी थांबून पाहत नाही.

तरी अमेरिकेची पद्धत थोडक्यात सांगायला हवी, कारण या दोन पायऱ्यांचे सर्वांत ओळखीचे रूप तेच. तिथे नोव्हेंबरात जी सार्वत्रिक निवडणूक होते तिच्याआधी काही महिने प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला सरकारी यंत्रणेमार्फतच मतदान होते. काही राज्यांत त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवलेल्यालाच मत देता येते, काही ठिकाणी कुणालाही. कॅलिफोर्नियात तर बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे पुढे जातात. हे पूर्वापार चालत आलेले नाही. पूर्वी उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्यांच्या बैठकीत ठरत. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये राज्यभरासाठी थेट प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला आणि मग ती पद्धत पसरली. राष्ट्राध्यक्षपदाच्या बाबतीत तर १९६८ पर्यंत पुढाऱ्यांचा शब्द चाले. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्राथमिक फेरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, पक्षाच्या अधिवेशनावेळी शिकागोच्या रस्त्यांवर राडा झाला आणि त्यानंतर नियम बदलले. पण माझ्या मुद्द्याला खरा उपयोगी पडतो तो टेक्सस. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाने प्राथमिक फेरीत काळ्या मतदारांना मज्जाव केला होता. सार्वत्रिक निवडणुकीत कागदोपत्री त्यांना मत होते. मात्र त्या राज्यात डेमोक्रॅटिक उमेदवार हरतच नसे, त्यामुळे नोव्हेंबरातल्या मताला किंमत शून्य. १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मज्जाव रद्द केला तो याच कारणाने: पक्ष ही खासगी मंडळी असली तरी जिथे राज्यकर्ता ठरतो ती फेरी खासगी राहू शकत नाही.

आता येरवडा. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि त्या भरण्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचे मत कायम होते. स्वतंत्र मतदारसंघांविरोधात गांधीजींनी २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले. २४ तारखेला करार झाला, २६ ला उपोषण सुटले. जागा ७१ वरून १४८ झाल्या, त्यांपैकी मुंबई प्रांताला, सिंध धरून, १५ आल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी जी योजना आली तिची कल्पना तेजबहादूर सप्रू यांनी वाटाघाटीत पुढे आणली होती. राखीव जागा असलेल्या मतदारसंघात सर्वसाधारण यादीतले अस्पृश्य मतदार आधी स्वतंत्रपणे मत देतील. प्रत्येकाला एकच मत. सर्वाधिक मते मिळवणारे चार जण यादीत येतील. मग त्या चौघांतून एकाची निवड सवर्ण आणि अस्पृश्य असे सगळे मतदार मिळून करतील. ही प्राथमिक फेरी जास्तीत जास्त दहा वर्षे चालायची होती. राखीव जागांना मात्र तशी मुदत नव्हती.

चार हा आकडा घासाघिशीतून आला आणि माझ्या मते सगळा करार त्या आकड्यात आहे. हिशेब साधा आहे. प्रत्येकाला एक मत आणि पुढे जायला एकच जागा असेल, तर जागा पक्की करायला निम्म्याहून जास्त मते लागतात. जागा दोन असतील तर एक तृतीयांशाहून थोडी जास्त. जागा चार असतील तर एक पंचमांशाहून थोडी जास्त मते मिळवणारा कुणीही यादीतून बाहेर राहूच शकत नाही. म्हणजे शंभर अस्पृश्य मतदारांतले ऐंशी जण एका विचाराचे असले आणि एकवीस नव्हे, अगदी वीस जण दुसऱ्या विचाराचे असले तरी त्या विसांचा माणूस चौघांत शिरण्याची दाट शक्यता. एकवीस असले तर खात्रीच. पहिली फेरी अशी सैल, आणि दुसऱ्या फेरीत अस्पृश्य मतदार स्वतःच अल्पसंख्य. तिथे बाकीच्या मोठ्या मतदारवर्गाला चौघांतला आपल्याला सोयीचा माणूस उचलता येई, मग तो पहिल्या फेरीत चौथा आलेला का असेना. आंबेडकरांनी ही तडजोड मान्य केली ती गांधीजींचा जीव पणाला लागलेला असताना, आणि पुढे १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात तिचा जो पंचनामा केला त्याचे सार हेच आहे की प्रतिनिधी आमचा म्हणून निवडला जातो पण निवडणारे आम्ही नसतो.

इथे मुंबई प्रांतापुरती एक गंमत झाली. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा मताधिकार सगळ्यांना नव्हता. जमिनीचा सारा, घरभाडे, शिक्षण अशा अटींतून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रौढांपैकी साधारण सहावा हिस्सा यादीत आला होता. मावळातल्या गावांत कोरडवाहू तुकड्यांवर जगणारे बहुतेक जण या अटींत बसणे कठीणच. पण मुंबई प्रांतात राखीव जागा एकाहून अधिक प्रतिनिधींच्या मतदारसंघांत ठेवल्या होत्या आणि मतदाराला जागा असतील तितकी मते देऊन ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा होती. आंबेडकर याच पद्धतीचे पुरस्कर्ते होते. तिचा परिणाम असा की अल्पसंख्य मतदारांनी एकी केली तर त्यांना आपला माणूस निवडून आणता येई. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात उभ्या केलेल्या उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. पुणे जिल्ह्यातून राजाराम रामजी भोळे आले, जे पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुंबईत खुद्द आंबेडकरांनी काँग्रेसच्या पाळवणकर बाळूंना हरवले. हे तेच नामवंत क्रिकेटपटू, ज्यांची सही पुणे करारावर होती. एकच करार, तेच आकडे, पण दुसऱ्या फेरीतली मत देण्याची पद्धत वेगळी म्हणून निकाल वेगळा. निवडणुकीच्या नियमांना कोरडा तपशील समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१९४५-४६ च्या हिवाळ्यात चित्र उलटले. आंबेडकरांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला १९३५ च्या कायद्याने देशभरात ठरलेल्या १५१ राखीव जागांपैकी दोनच मिळाल्या. काँग्रेसची लाट होती, हे खरेच. पण आंबेडकरांनी कॅबिनेट मिशनपुढे बोट ठेवले ते पहिल्या फेरीवर. जिथे प्राथमिक मतदान झाले होते तिथल्या आकड्यांवरून त्यांचे म्हणणे असे होते की अस्पृश्य मतदारांनी आपला कौल वेगळाच दिला होता आणि तो दुसऱ्या फेरीत पुसला गेला. मिशनने ते मानले नाही. जुलै १९४६ मध्ये फेडरेशनने पुण्यात, कायदेमंडळाचे अधिवेशन तिथे भरत असताना, सत्याग्रह केला. पुणे करार मोडीत काढा ही त्यातली एक मागणी होती. चौदा वर्षांपूर्वी ज्या शहरात सही झाली त्याच शहरात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. प्राथमिक फेरी इतकी महत्त्वाची होती तर ती झाली किती ठिकाणी? उत्तर असे की बहुतेक मतदारसंघांत झालीच नाही. उमेदवार चार किंवा त्याहून कमी असतील तर मतदानाची गरजच उरत नसे, आणि पाचवा उमेदवार उभा करायला जो पैसा, जी संघटना लागे ती त्या काळी थोड्याच जागी होती. म्हणजे ज्या यंत्रणेबद्दल मी एवढा खल करतो आहे ती प्रत्यक्षात रिकामीच राहिली, असे कुणी म्हणेल. मला वाटते या वस्तुस्थितीतून उलटाच निष्कर्ष निघतो. ज्याला एकाच निवडणुकीचा खर्च झेपत नाही त्याला दोन लढायला सांगितल्या, आणि पहिलीत जिंकूनही दुसरीत हार ठरलेली, मग पहिलीसाठी कोण घर विकेल? फेरी ओस पडली ती लोकांना नको होती म्हणून नव्हे, तिच्या निकालाला पुढे किंमत नव्हती म्हणून. टेक्ससमध्ये बरोबर याच्या उलट होते: तिथे पहिली फेरी सगळे ठरवत असे म्हणून ती लढवण्यासाठी लोक न्यायालयापर्यंत गेले. दोन पायऱ्यांच्या पद्धतीत कोणती पायरी जिवंत राहते हे तिच्या निकालाचे पुढे काय होते यावर ठरते.

दुसरा आक्षेप त्या काळापासूनचा आहे आणि तो हलका नाही. पहिली फेरी जातीच्या आधारावर, म्हणजे फूट कायम. सगळ्यांनी मिळून निवडलेला प्रतिनिधी सगळ्यांना उत्तरदायी असतो. एका वर्गाने निवडलेला त्या वर्गापुरता. घटना समितीत हाच विचार जिंकला. ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे एस. नागप्पा यांनी एक मधला मार्ग सुचवला: राखीव जागेवरच्या उमेदवाराला स्वतःच्या समाजाची निदान ३५ टक्के मते मिळालीच पाहिजेत. सरदार पटेलांनी विरोध केला आणि सूचना बारगळली. नागप्पांचा ३५ हा आकडा आणि येरवड्याचा चार हा आकडा शेजारी ठेवून पाहिले तर ध्यानात येते की नागप्पांना यादीची वरची टोके नव्हे, तळ उचलायचा होता. अगदी थोड्या पाठिंब्यावरचा माणूस पुढे येऊ नये, एवढेच. तेही झाले नाही. संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा राहिल्या, पहिली फेरी इतिहासजमा झाली. १९५२ आणि १९५७ मध्ये दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मुंबई उत्तरमधून १९५२ मध्ये आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले ते अशाच मतदारसंघात. १९६१ च्या कायद्याने तेही गेले. फूट वाढण्याची भीती खरी मानूनसुद्धा एक प्रश्न उरतोच. पहिली वेचणी कायद्यातून काढली म्हणजे ती व्हायची थांबते का? ती थांबत नाही, फक्त तिच्यातले मतदार बदलतात. अस्पृश्य मतदारांच्या हातून ती पक्षाच्या निवड समितीच्या हाती गेली. कांशीराम यांनी कराराच्या पन्नाशीला, २४ सप्टेंबर १९८२ ला, निषेधाची मोहीम पुण्यातूनच सुरू केली, तिच्या मुळाशी हेच दुखणे होते.

गावपातळीवर ही गोष्ट आणखी उघडी दिसते. पुणे करारात स्थानिक संस्थांसाठी एकच कलम आले: अस्पृश्य म्हणून कुणालाही त्या निवडणुकांत अपात्र धरू नये. प्राथमिक फेरी तिथे आणलीच नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात राखीव जागा होत्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनेचे बळ मिळाले, २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून, हा खेळ २०१७, २०२० आणि २०२२ अशा तीन वेळा उलटासुलटा झाला. या सगळ्या बदलांत एक गोष्ट कधीच बदलली नाही. सोडतीत वॉर्डाची एखादी जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी निघाली की ती महिला कोण, हे पॅनेल ठरवते. पॅनेल म्हणजे भावकीतले, सोसायटीतले, आता चाकण आणि तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात जमिनीच्या व्यवहारांतले पाच-सात वजनदार लोक. ग्रामपंचायतीत यंत्रावर मतदारासमोर रंगीबेरंगी मतपत्रिका असते, दर प्रवर्गासाठी वेगळा रंग. राखीव जागेच्या रंगावर दोन पॅनेलच्या दोन बायका, दोघीही दुसऱ्यांनी निवडलेल्या. येरवड्याच्या योजनेत वाईटात वाईट झाले तरी चौघांत एक नाव त्या समाजाचे मनापासूनचे असे. पॅनेलच्या यादीत तेवढीही शाश्वती नाही. सरपंचबाईंच्या खुर्चीवर यजमान बसलेले दिसतात म्हणून आपण हसतो किंवा चिडतो, पण त्या खुर्चीचा निकाल मतदानाच्या आधीच लागलेला असतो, हे सहसा बोलले जात नाही.

गावकऱ्यांचा यावरचा जबाब तयार असतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. गाव लहान, निवडणूक म्हणजे वैर, पाच वर्षे एका पाणवठ्यावर राहायचे आहे, तेव्हा देवळात बसून एकमताने ठरलेले बरे. बिनविरोध गावांना काही आमदारांनी २५ लाखांपर्यंतचा निधी जाहीर केला तो याच भावनेवर. परंपराही दाखवली जाते: बारा मावळांत देशमुख-पाटलांच्या गोतसभा वतनाचे तंटे एकत्र बसूनच मिटवत. हे खरे आहे, पण अर्धेच. गोतसभेच्या निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेला प्रत्येक जण आपली खूण करी. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे. कोण बसले होते, कुणी संमती दिली, हे कागदावर राही. त्या सभेत स्त्रिया नव्हत्या, आणि वतनाच्या उतरंडीने आवाजाचे वजन ठरे, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण आजच्या बिनविरोधाला तर तेवढाही कागद नाही. माघारीच्या दिवशी तहसील कचेरीत अर्ज परत घेतले जातात आणि कायद्याच्या नजरेला दिसते ते इतकेच की उमेदवार एकच उरला. तो कसा उरला हे जानेवारी २०२१ मध्ये दोन ठिकाणी उघड झाले. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले. एकीकडे बोली दोन कोटींवर, दुसरीकडे ४२ लाख, आणि पैसा मंदिराच्या नावे. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. आयोगाने जे रद्द केले ते खरे तर प्राथमिक फेरीचे मतदान होते, फक्त त्यात मतांऐवजी रुपये मोजले गेले. लिलाव पकडला गेला कारण त्यात आकडा होता. जिथे आकडा न बोलता, नुसत्या दबावाने नावे ठरतात तिथे पकडायला काहीच नाही.

मोठ्या निवडणुकांत हीच गोष्ट एबी फॉर्मच्या रूपात येते. पक्षाच्या अधिकृत माणसाची त्यावरची सही म्हणजे संपूर्ण प्राथमिक निवडणूक. इथे विरोधी पुरावा म्हणून मावळचेच उदाहरण पुढे येईल, आणि तो पुरावा मजबूत आहे. १९९५ पासून मावळ विधानसभा भाजपची मानली जाई: रूपलेखा ढोरे, मग दिगंबर भेगडे दोनदा, मग बाळा भेगडे दोनदा. २०१९ मध्ये भाजपमध्येच असलेल्या सुनील शेळकेंना तिकीट मिळाले नाही. ते राष्ट्रवादीत गेले आणि मंत्री असलेल्या भेगड्यांना जवळजवळ ९४ हजार मतांनी हरवून आले. २०२४ मध्ये उलट बाजूने तेच घडू पाहिले. राष्ट्रवादीतून फुटलेले बापू भेगडे अपक्ष उभे राहिले, विरोधी आघाडीने आणि भाजपच्या स्थानिक नेत्यांनी त्यांना हात दिला, आणि शेळके एक लाखाहून जास्त मतांनी पुन्हा आले. म्हणजे निवड समितीने चुकीचे नाव दिले तर मतदार दुसऱ्या फेरीत ती चूक दुरुस्त करतो. मग पहिल्या फेरीचे एवढे अवडंबर कशाला? कारण अशी दुरुस्ती करून घ्यायला उमेदवार तशा ताकदीचा लागतो. नाकारलेल्या माणसामागे स्वतःची माणसे, स्वतःचा पैसा आणि दार उघडून बसलेला दुसरा पक्ष असेल तरच मतदारासमोर दुसरे नाव येते. राखीव वॉर्डातल्या, मजुरीवर जाणाऱ्या बाईला पॅनेलने नाकारले तर तिच्यासाठी कोणता पक्ष दार उघडून बसला आहे? मावळच्या निकालाने एवढेच सिद्ध होते की बलवानाला आधीची फेरी अडवू शकत नाही.

पक्षांनी स्वतःहून अशी फेरी घ्यावी, हा प्रयोगही महाराष्ट्राने पाहिला आहे. २०१४ च्या लोकसभेसाठी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले. आपल्याकडे वर्धा आणि लातूर. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस असा सामना झाला आणि मेघे जिंकले. लातुरात दत्तात्रय बनसोडे. दोघेही सार्वत्रिक निवडणुकीत पडले. वर्ध्यात भाजपचे रामदास तडस आले, तेली समाजाच्या संघटनेतले मोठे नाव, म्हणजे ज्यांच्या समाजाचे श्रद्धास्थान सुदुंबऱ्यात आहे ते. हा पराभव प्रयोगाच्या माथी मारला गेला आणि तो तिथेच संपला. हा निवाडा मला घाईचा वाटतो; त्या वर्षी काँग्रेसचे कुठल्याही पद्धतीने ठरवलेले उमेदवार महाराष्ट्रात दोनच निवडून आले. प्रयोगाचा खरा दोष वेगळा होता. मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी, त्यामुळे ज्याच्या घराण्याने ते पदाधिकारी नेमले तोच जिंकणार. वर्ध्यात तर दोन्ही बाजूंना जुनी राजकीय घराणीच होती. मतपेटी ठेवली म्हणजे फेरी मोकळी होत नाही. मतदार कोण, पुढे किती नावे जाणार आणि त्या निकालाचे नंतर काय होणार, या तीन गोष्टी येरवड्याने शिकवल्या होत्या आणि त्यांतली पहिलीच इथे चुकली.

मग सुदुंबऱ्यासारख्या गावात अशी फेरी घालायची तर कशी, हा व्यवहाराचा प्रश्न राहतो. येरवड्याची योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. वॉर्डात एखाद्या समाजाची दहा-पंधराच घरे असतात. त्यांचे वेगळे मतदान घेतले तर गुप्तता कागदावरच राहील. कोणत्या घराने कुणाला मत दिले हे संध्याकाळपर्यंत गावाला कळेल, आणि ज्यांच्या शेतावर मजुरीला जायचे त्यांनाही. मतदान केंद्रनिहाय मोजणीमुळे हा धोका विधानसभेच्या वेळीही असतोच, म्हणून मते एकत्र करून मोजण्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती, जी अजून अमलात आलेली नाही. अधिक शक्य वाटते ते असे: राखीव जागेसाठी उभे राहू इच्छिणारे सगळे ग्रामसभेपुढे नावे ठेवतील, गाव गुप्त मतदानाने ती क्रमाने लावेल, आणि तो क्रम बंधनकारक नसला तरी नोंदवहीत जाईल. पॅनेलला मग तिसऱ्या किंवा सातव्या क्रमांकाचे नाव घ्यायला कुणी अडवणार नाही, फक्त ते घेतल्याचे गावाला ठाऊक असेल. ग्रामसभेला एवढे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आजचे नियम पाहावेत. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर त्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी ग्रामसभेचे गुप्त मतदान २०१७ च्या दुरुस्तीने आणले. गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही यावर बायका आडव्या-उभ्या बाटलीच्या चिन्हांपुढे शिक्का मारतात, तेही सरकारी अधिकाऱ्यासमोर आणि मतपत्रिकेवर. सरपंच उतरवायला आणि दुकान बंद करायला आडोसा, पेटी, मोजणी सगळे कायद्यात आहे. उमेदवारांच्या यादीसाठी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात अजून एक कलमही नाही.